परसातला कडू दुधी

प्रिय वर्षाराणी,

तू माझा फोन उचलत नाहीस. तुझ्या घरच्यांना लावला तर माझं नाव ऐकून तेही ठेवून देतात. म्हणून लिहिते आहे. सुनेनं सासूच्या ग्लासात काहीतरी कालवलं, असं गावात बोलतात. ते तुझ्यापर्यंत आलंच असेल. खरं काय झालं, ते मात्र तुला कुणी नीट सांगितलं नाही.

आपल्या न्हाणीमागचा दुधीचा वेल तुला माहीत आहे. यंदाच्या उन्हाळ्यात त्याचे लई हाल झाले. बोअर आटला, टँकरचं पाणी पिण्यापुरतंच. पानं कडेनं करपली, तांबडे भुंगे पडले, मादी फुलं गळायला लागली. आईंनी वेल सोडला नाही. सकाळी पानांवर चुलीतली राख भुरभुरायच्या. दिवस मावळताना नर फूल तोडून मादी फुलावर अलगद टेकवायच्या. स्वतःच्या आंघोळीचं पाणी घमेल्यात धरून मुळाशी ओतायच्या. शेवटी दोन-तीन दुधी धरले, आखूड आणि वाकडे. तरी त्या येता-जाता त्यांच्यावरून हात फिरवायच्या.

आईंच्या वाढलेल्या साखरेला दुधीचा रस चांगला, असं शेजारच्या छबुबाईनं सांगितलं होतं. त्या सकाळी आईंनी स्वतःच दुधी तोडून आणला, मी मिक्सरमधून रस काढून दिला. पहिल्याच घोटाला त्यांनी तोंड वाकडं केलं. "लई कडू हाय गं." मी म्हटलं, "मग टाकून द्या, आई." तर म्हणाल्या, "औषध हाय ते. गोड कावून लागंल?" आणि नाक दाबून ग्लास रिकामा केला. मी चहा ठेवेपर्यंत उलट्या सुरू झाल्या. मग उलटीतून रक्त पडायला लागलं.

तुझ्या दादांनी जीप आणली. केजला दाखवलं, तर बीडला न्या म्हणाले. वाटेत नेकनूर आलं तेव्हा आई शुद्धीवर होत्या, डोकं माझ्या मांडीवर. "वर्षाचं गाव आलं का? पंडित, थांबीव की रे जरा." दादांनी मान वळवली नाही. थांबलो तर उशीर होईल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेल्या. त्या दिवसापासून नेकनूरवरून गाडी गेली की दादा डोळे मिटून घेतात.

डॉक्टर म्हणाले, कडू दुधीत विषच असतं. पाण्याचा ताण पडला की वेल कडवट होतो, कधी बियाण्यातच तो दोष असतो. शिजवून जात नाही. दहाव्याला दादांनी हे भावकीत सांगितलं, तर बंकट म्हणाला, "दुधीनं कुठं माणूस मरतंय का बे?" तू माझ्याकडे पाहिलंस आणि ताटावरून उठलीस. मी तुझं ताट झाकून ठेवलं. तुझी आई गेली होती.

दादांनी वेल उपटून जाळला. मला वाटलं, संपलं.

काल केजच्या बाजारात तुझे दीर सटवाभाऊजी भेटले. आईंनी त्याच वेलाचा बियाण्याला राखून ओसरीत टांगलेला दुधी तू तेराव्याला त्यांची आठवण म्हणून नेलास, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्याचा वेल तुझ्या गोठ्यावर पसरलाय, आणि महालक्ष्म्यांच्या जेवणाला पहिली भाजी त्याचीच होणार आहे. मी त्यांना सांगायला गेले, तर तेही हसले. ही चिठ्ठी तेवढी तुला पोचवायला कबूल झाले, तरी बरं. तुला वाटेल, वहिनी आता आईच्या वेलावरही उठली. वाटू दे. पण वर्षा, चिरण्याआधी प्रत्येक दुधीचा नखाएवढा कच्चा तुकडा जिभेला लावून बघ. कडू लागला तर थुंकून टाक, चूळ भर, आणि तो दुधी पुरून टाक. लेकरांच्या काय, जनावरांच्याही तोंडी जाऊ देऊ नकोस. एवढं कर. मग जन्मभर माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

तू मानत नसलीस तरी तुझीच,
उज्ज्वला वहिनी