बटणाआधी

दि. ४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इकडे आम्ही मजेत. तुमचे पराक्रम कळले. धाकटा दुसऱ्या कारखान्यात जातो म्हणाला, म्हणून तू त्याचा दात पाडलास आणि त्याने तुझ्या कानाचा लचका तोडला! माणसं आहात की कुत्री? दोघंही एकाच माळेचे मणी.

अबोला धरायचा तर घरी धरा. मशीनवर बाबांचा नियम मोडू नका: रबराचे रोलर पुसून झाले की दोघांनी चारही हात मिळवायचे, मगच बटण. बाबा त्याच जोरावर दहाही बोटं घेऊन घरी आले. माझ्यासाठी एवढं कर.

लोभ असू दे, राग नको.
तुझी बहीण

दि. ११ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात होतं आणि मी बटण दाबलं. धाकट्याचा उजवा हात रोलरमध्ये गेला. हाडं मोडल्याचा आवाज कानातून जात नाही. मशीन उलटं फिरवून बाहेर काढला, तर त्याला हात म्हणवेना. डॉक्टरांनी कोपरापासून कापला.

हात मिळवायला मीच नकार दिला, असं साहेबांना लिहून दिलंय. मला कामावरून काढतील, काढू देत. धाकट्याला तोंड दाखवायची हिंमत होत नाही. तू ये गं.

तुझी माया आटू देऊ नकोस.
दादा

दि. २० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षराला हसू नकोस. डाव्या हाताचा मळ म्हणतात ते साफ खोटं. दादाने लिहून दिलेलंही खोटं. मी रोलर पुसून आलो तेव्हा त्याने दोन्ही हात पुढे केले होते. मी त्यांवर थुंकलो आणि आत राहिलेलं फडकं ओढायला वळलो. त्याने रागात न बघताच बटण दाबलं, हे खरं. पण हात नाकारला मी. साहेबांना तसं कळवलंय.

परवा तो दवाखान्यात आला. मी शिव्यांची लाखोली वाहिली, मग उरलेला हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही. बटण दाबलेली मूठ लोखंडी खाटेवर आपटत सुटला, बोटं फुटेपर्यंत. चौघांनी आवरला. मूर्ख आता शेजारच्याच खाटेवर आहे, उजवा हात प्लास्टरमध्ये.

म्हणजे सध्या दोघांत मिळून दोनच हात चालतात, तेही डावे. लिहिताना कागद सरकतो, म्हणून त्याने धरलाय.

दोघांवर सारखीच माया ठेव.
तुझे दोघे