मला काही झालं नाही

९ मार्च, सोमवार दुपार

प्रिय खारू,

आशीर्वाद. तू माझ्याशी बोलत नाहीस, पण बोलणं बंद झालं म्हणून थोरल्या बहिणीचे आशीर्वाद काही बंद होत नाहीत, तेव्हा घे.

पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी आलं असतं तर तुझ्या सासूबाईंनी उघडलं नसतं, पण "कुणाचं गं?" एवढं नक्की विचारलं असतं. आणि फोनचं म्हणशील तर तुमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायची पद्धत. समोर गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाच, आणि सुरू केलंस की मध्येच घडी घालून ठेवू नकोस.

इकडे सगळं बरं आहे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं. आता तिला स्वच्छ दिसतं, त्यामुळे घरातली सगळी जळमटंही दिसतात, आणि माझे रविवार झाडू हातात घेऊन जातात. केंद्राखालच्या झेरॉक्सवाल्याने मोठं मशीन आणलंय. ते सुरू झालं की आमच्या टेबलावरचे पेले किणकिणतात. बाकी केंद्र तू पाहिलं होतंस तसंच. पडद्यामागे तपासायचा पलंग, भिंतीला बाक, दारावर नुसतं 'महिला आरोग्य सल्ला'. बायका येतात, अर्धा तास कंबरदुखीचं बोलतात, आणि उठून दाराच्या कडीला हात घातला की मग ज्यासाठी आलेल्या असतात ते बोलतात. "बाई, लघवीला जळजळतं. लहानपणापासूनच." किंवा, "नवरा जवळ आला की मी दात आवळून घेते. सगळ्यांचं असंच असतं ना?"

मीही आत्ता तेच चालवलंय, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

तर सभेचं बोलते. शाळेच्या हॉलमध्ये, मुलींची सुंता करू नका, असं मी आयांना सांगत होते, तेव्हा तू मागच्या रांगेतून उठलीस. मला वाटलं, बहीण आपल्या बाजूने दोन शब्द बोलणार. तू म्हणालीस, "मी हिची सख्खी बहीण. माझंही सातव्या वर्षी कापलंय. मला काही झालं नाही. संसार छान चाललाय, बाळंतपणात डॉक्टर म्हणाल्या सगळं नॉर्मल आहे. आमच्या ताईला लहानपणापासून राईचा पर्वत करायची सवय आहे." सगळा हॉल हसला. मीही हसले बघ, दुसरं काय करणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तू खोटं बोललीस असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. तुला जे माहीत होतं ते तू बोललीस. माझ्या मनात एवढंच आलं की एकीच्या वाट्याला एक येतं, दुसरीच्या वाट्याला दुसरं. माझं लग्न का मोडलं याची आपल्या घरात दोन-तीन कारणं सांगितली जातात. खरं कारण त्यांत नाही. ते मी कधी कुणाला सांगितलं नाही, तुलाही नाही.

त्या सभेत पहिल्या रांगेत एक शिवणकाम करणारी बाई होती. सभेआधी माझा हात धरून म्हणाली होती, "मी माझ्या मुलीचं करणार नाही, सासू काय वाटेल ते म्हणो." तू बोलून खाली बसलीस आणि ती माझी नजर चुकवून निघून गेली. थोड्याच दिवसांनी तिने मुलीला केंद्रात उचलून आणलं. पोर तापाने फणफणलेली, चादर लाल झालेली. आई सारखी एकच म्हणत होती, "तुमच्या बहिणीला तर काही झालं नव्हतं." केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी मुलीला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात हलवलं.

हे मला तुला सांगायचं नव्हतं. लिहिण्याआधी उठून खिडकी पुसली, मग बाक पुसला. पण आता जे सांगणार आहे त्याच्यापुढे हे सोपं म्हणायचं.

गेल्या आठवड्यात आई केंद्रात आली. घरी दोन्ही वेळा आम्ही शेजारी बसून जेवतो, पण ती तिथे आली. बाकावरच्या बायकांमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी म्हटलं, "आई, बरं नाही का? आत ये."

"माझा नंबर आला की येते."

नंबर आला तशी आत आली. मला दार लावायला लावलं.

"इथे बोललेलं बाहेर जात नाही ना?"

"नाही."

"खारूकडे?"

"तू सांगितल्याशिवाय नाही. काय झालंय?"

ती बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "तिचं झालेलं नाही."

"काय झालेलं नाही?"

"ते. तिला कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

खारू, आईने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. माझ्या वेळी आत्या मला कापणाऱ्या बाईकडे घेऊन गेली होती. रक्त थांबेना, ताप उतरेना. मी लघवीला बसले की किंचाळायचे, आणि आत्या बाहेरच्या खोलीत म्हणायची, "सगळ्यांचंच होतं, कौतुक करू नका." मग तू सात वर्षांची झालीस आणि आत्याने पुन्हा विषय काढला. आई म्हणाली, "या खेपेला मी माहेरी नेऊन करून आणते." तिची एक मैत्रीण नर्स होती. तिच्या घरी दार बंद करून दोघींनी तुला लाल औषध लावलं, कापूस ठेवला, पट्टी बांधली. तुला सांगितलं, "झालं. आता रड." तुला रडू येईना. आईला आलं, ते बघून तूही भोकाड पसरलंस. घरी आल्यावर आत्याने तो लाल कापूस पाहिला आणि तिचं समाधान झालं.

एवढंच घडलं. तुला लाल कापूस आठवतो, नवीन फ्रॉक आठवतो, आणि दुखलेलं आठवत नाही, कारण दुखलंच नव्हतं. तुझ्या बाळंतपणात सगळं नॉर्मल होतं, कारण ते नॉर्मलच होतं.

मी विचारलं, "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर आत्याने तिला पुन्हा उचलून नेलं असतं. मग लग्न ठरताना तिच्या सासूने विचारलं, मी हो म्हटलं. एकदा हो म्हटल्यावर कुठल्या तोंडाने नाही म्हणू? झाकली मूठ होती, झाकूनच ठेवली. पण आता ती म्हणते, शाळेच्या सुट्टीत लेकीचं, गुंडीचं करायचंय, सासूबाईंनी बाई ठरवलीय. म्हणते, आई, तू ये, माझ्या वेळी मांडीवर घेतलं होतंस तसं तिला घे." आई हमसून रडायला लागली. "कशी घेऊ मी तिला? सांग, कशी घेऊ?"

अशा वेळी काय करायचं हे मी केंद्रातल्या नवीन मुलींना शिकवते. पाणी द्यायचं, घाई करायची नाही, आपलं दुःख मध्ये आणायचं नाही. मी पाणी दिलं. आणि मग विचारलं, "आणि माझ्या वेळी?"

आई म्हणाली, "तुझ्या वेळी मला माहीत नव्हतं गं. माझंही झालेलं. मला वाटायचं, बाईच्या जातीला असंच असतं. कळलं ते तुझं बघून."

मी उठले आणि धुतलेलाच पेला पुन्हा धुवायला लागले. खारू, खरं सांगते, त्या वेळी मला गुंडी आठवली नाही. मला तू दिसलीस, नवीन फ्रॉकमधली. एवढा हेवा मी आयुष्यात कुणाचा केला नसेल. तुला वाचवायला आईकडे युक्ती होती, मैत्रीण होती, माहेर होतं. मला वाचवायला काहीच नव्हतं. आईवर रागवावं तर तीही तशीच कापलेली. राग न्यायचा कुठे?

ते जाऊ दे. माझं मी बघेन.

आई म्हणाली, "तूच लिही तिला, मला जमायचं नाही." म्हणून लिहितेय. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचार. त्यांना विचारलं नव्हतंस, म्हणून त्यांनी सांगितलं नसेल. हे घरात कुणाला सांगायचं, सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मी इथे कुणाला काही बोललेले नाही. पण गुंडीला कुणी त्या बाईकडे न्यायला निघालं तर मी गप्प बसणार नाही. केंद्राच्या वकीलबाई म्हणतात, मुलीसाठी कोर्टाचा मनाईहुकूम मिळू शकतो. ते मी तुझ्या पाठीमागे करणार नाही, म्हणून आधीच तुझ्या तोंडावर सांगते. त्यानंतर तू जन्मभर माझं तोंड पाहिलं नाहीस तरी चालेल. नाही, चालणार नाही. पण मी करेन.

रागावलेली नाही (थोडी आहे),
तुझी ताई


२ एप्रिल

ताई,

नमस्कार. पत्र मिळून बरेच दिवस झाले. पहिल्यांदा वाचलं आणि वाटलं, ही आता खोटं बोलायलाही कमी करत नाही. फाडणारच होते, तेवढ्यात एक आजोबा चष्म्याची दांडी बसवायला आले. ती बसवताना माझ्या हातून स्क्रू दोनदा खाली पडला. आजोबांनीच खाली वाकून शोधून दिला.

डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, "काही कापलेलं नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हटलं, "मीच सांगत फिरत होते." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

त्या शिवणकामवाल्या बाईच्या मुलीचं काय झालं? ती बरी आहे का? तू फक्त मोठ्या दवाखान्यात हलवलं एवढंच लिहिलंस. दुसरं सगळं नंतर सांग, हे आधी सांग.

नवऱ्याला सांगितलं. स्कूटरवर मागे बसून सांगितलं, म्हणजे त्यांचं तोंड बघायला लागू नये. त्यांनी गाडी बाजूला घेऊन बंद केली. मग म्हणाले, "तुझ्या आईने आम्हाला फसवलं." मी म्हटलं, "हो."  ते अजून नीट बोलत नाहीत. गुंडीचा विषय काढला की उठून जातात. हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत.

सासूबाईंना मी फक्त म्हटलं, "गुंडीचं करायचं नाही." त्या म्हणाल्या, "तुझं झालं तेव्हा तुला काही झालं का? तूच सगळीकडे सांगतेस." ताई, माझंच वाक्य माझ्यासमोर आणून ठेवलं. मी भाजी निवडत होते. तोंडातून निघून गेलं, "माझं झालंच नव्हतं."

मला वाटलं आता आकाशपाताळ एक करतील, माहेरी पाठवतील. त्यांनी विचारलं, "म्हणजे?" मी सगळं सांगितलं, लाल औषधासकट. त्या ऐकत राहिल्या. मग खाली बघून म्हणाल्या, "मला वाटायचं, खोट माझ्यातच आहे. तू आनंदात असायचीस, पोर झाल्यावर महिन्याभरात चालायला लागलीस. मी मनात म्हणायची, हिचंही झालंय, माझंही झालंय, मग मलाच का होतं?" आणि उठून आत गेल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत.

या घरात मी नऊ वर्षं आहे. त्या न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडतात, त्यावरून मी नवऱ्यापाशी किती हसले असेन. आता नळ सुटला की मीच तिथून उठून जाते.

त्यांनी त्या बाईला फोन केला. स्पीकरवरच. "मुलीला कांजिण्या आल्यात, पुढे बघू," म्हणाल्या. गुंडी समोर धडधाकट उड्या मारत होती. पण 'नको' म्हणाल्या नाहीत, 'पुढे बघू' म्हणाल्या. ते दोन शब्द मला झोपू देत नाहीत. म्हणून सुट्टीत गुंडीला घरी एकटी ठेवत नाही, दुकानात घेऊन येते. दिवसभर गिऱ्हाइकांना रिकाम्या फ्रेमा लावून दाखवते आणि "छान दिसता" म्हणते. दोन फ्रेमा तिच्यामुळे विकल्या गेल्या. तुझ्या वकीलबाईंचा नंबर पाठव. लागू नये, पण जवळ असू दे.

आईला अजून फोन केलेला नाही. तिने मला वाचवलं आणि मी तिला काय म्हणायचं तेच सुचत नाही. आणि तुला तर काय लिहू? तू हेवा म्हणालीस. कर ना. मी तुझ्या जागी असते तर केलाच असता, आणि असं पत्र लिहिलंही नसतं.

काल सासूबाईंनी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "तुझी ताई बसते तिथे आमच्या वयाच्या कुणी येतात का?" मी म्हटलं, विचारून सांगते. तर ताई, एवढं लगेच कळव. त्यांचे गुडघे दुखतात. तुमच्याकडे वर चढायला जिना उंच आहे का? कठडा आहे का? नसेल तर मी त्यांचा हात धरून आणेन.

तुझ्या दुखण्याने वाचलेली,
खारू