पट्टीवर पट्टी

सोम., ३ फेब्रु.
बोईसर. पालघरहून शिकवायला आले, मनोरुग्णालयात प्रशिक्षणाचा पहिला दिवस. सहा डॉक्टर, विषय जखमेची साधी निगा. सगळे माझ्याहून मोठे. डॉ. सावे मागून म्हणाले, "मॅडम, आम्ही मनाचे डॉक्टर. जखम दिसली की पालघरला पाठवतो." बाकीचे हसले. मीही, थोडी.

नमुना म्हणून वॉर्डातल्या मोंगीबाईंचा पाय दाखवला. घिवली गावच्या, सुकी मासळी विकायच्या. साखरेचा आजार. पट्टी पांढरी, कडा सरळ. "अशी बांधायची," मी म्हणाले. सोडून पाहिली नाही. वेळ संपत आला होता.

"बाय, माजा पाय नासलाय. वास येतो."
सावे हळूच, "भास. केसपेपरात आहे."
पुढे गेलो.

बुध., ५ फेब्रु.
झोप नीट नाही. केसपेपर मागून घेतला. तीन आठवडे एकच नोंद, 'वासाचा भास कायम'. गोळी दोनदा वाढवलेली. जखमेपुढे फक्त 'ड्रेसिंग केले'.

सिस्टरना विचारलं, पूर्ण कधी सोडली होती? इथे कात्री कुलपात, सही करून मिळते. चिकटपट्टी कापायला रोज कोण सही करणार. "वरून नवी बांधतो, मॅडम. स्वच्छ दिसते."

सही केली. आठ थर. पाचव्याला सावे खिडकीकडे गेले. करंगळी काळी. साखरेने पाय बधिर, म्हणून दुखलं नाही. कळायला फक्त नाक होतं.

मोंगीबाई शांत. "मासली नासली का आमाला पयलं कलतं. मी येडी हाय, नाक येडं नाय."

गुरु., ६ फेब्रु.
पालघर. करंगळी काढली. सर्जन म्हणाले, लाली वर चढली तर पाय घोट्यापासून कापावा लागेल. रोज सोडून बघायचं.
थकले.

सोम., १० फेब्रु.
मोंगीबाई परत बोईसरला. माझा शेवटचा वर्ग. सुरुवातीलाच सांगितलं, गेल्या सोमवारी याच पायाची पट्टी मी न सोडता नमुना म्हणून दाखवली. कोणी हसलं नाही.

मग सहाही जणांनी पट्टी सोडायला आळीपाळीने हात लावला. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून घेतली. सावे पट्टीची कड घाईने ओढत होते.
"डाक्टर, कोलंबी सोलता काय? हलू."
ते म्हणाले, "हो, मावशी." पुढचा थर पाण्याने भिजवून सोडला.

गुरु., १३ फेब्रु.
पालघर. अहवाल लिहायला घेतलाय. पहिल्या दिवसापाशी अडकले. दोन वाक्यं लिहून खोडली, पुन्हा लिहिली.

दुपारी सावेंनी आजच्या नोंदीचा फोटो पाठवला. 'पट्टी पूर्ण सोडली. रुग्णास वास येतो. मलाही आला.'
खाली पायाचा फोटो. लाली रेघेवरच. ओलांडली का, कळत नाही. कळवलं, खिडकीच्या उजेडात नेऊन पुन्हा बघा.