माझ्याकडे कामाला

प्रिय बुटके,

तीन घरं सोडून राहतेस आणि तुला पत्र लिहितेय, हसशील. हस. तोंडावर आले असते तर भांडूनच परतले असते. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा अक्षर लावून घे. चष्मा बदललाय, लेक-जावई येऊन गेले, बाकी बरं आहे. बरं कसलं!

इतकी वर्षं आपलं ठरलेलं. मी कापायचं, तू कॉलर लावायची, मावशीने काज-बटण. एकीचं अडलं की गठ्ठा दुसरीच्या दारात, विचारायचंसुद्धा नाही. पण कंपनीचे साहेब कामगारांच्या शर्टांचं काम द्यायचं का ते बघायला येणार म्हटल्यावर मला त्याचीच लाज वाटली. कारखाना दिसावा म्हणून तुमची मशिनं माझ्या खोलीत आणवली. तू नको म्हणत होतीस. साहेबांनी तुझी कॉलर उलटसुलट करून पाहिली आणि ही कोण, असं विचारलं. मी म्हटलं, "ही माझ्याकडे कामाला आहे. मीच शिकवलं हिला."

कोणी कोणाला शिकवलं ते गल्लीला ठाऊक आहे. तू मान वर केली नाहीस. टाका मात्र सरळ पडला. मग साहेबांनी विचारलं, तुम्ही आजारी पडलात तर काम कोण उचलतं, कोणाच्या दारात जाता. मी ताठ्यात सांगितलं, कोणाच्याच नाही.

काम गेलं. तू मशीन उचलून नेलंस. कंपनीच लबाड, असं मी गल्लीभर सांगत सुटले. काल जाब विचारायला गेले, तर साहेबांनी खुर्ची दिली. म्हणाले, त्यांची सगळी शिलाई एकाच मोठ्या कारखान्यात व्हायची. तिथे आग लागली आणि सगळं ठप्प झालं. आता कंपनीचं धोरणच बदललंय. त्यांना एकमेकींना धरून चालणारी छोटी घरं हवीत, एक थांबलं तर दुसरं ओढून नेईल अशी. आपल्या कापडवाल्याने त्यांना आपलं तसंच चालतं म्हणून सांगितलं होतं, तेच बघायला ते आले होते. आणि मी नेमकं तेच लपवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग सगळं खरं सांगितलं, तू कोण तेही. गुरुवारी ते पुन्हा येतायत. पत्ता तुझा दिलाय, माझा नाही. त्यासाठीच हे पत्र. माफ कर लिहून चारदा खोडलं. मला बोलावलं नाहीस तरी चालेल, कापायला दुसरी कोणी मिळेल. मावशीला मात्र बोलाव. रिकाम्या मशीनला रोज तेल घालत बसते ती.

तुझीच, अजून म्हणवून घेत असशील तर,
भांडकुदळ