‘डंपर’च्या दुसऱ्या कॅसेटची वारस

मी, दत्ताराम सखाराम माजीक, वय पंचावन्न, धंदा साऊंड सर्व्हिस, राहणार साखळी, तालुका डिचोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. उजवा कान थोडा कमी ऐकतो. तरुणपणी बँडमध्ये अजयच्या अँप्लिफायरच्या बाजूला बसून ढोल बडवला, त्याचा तो परिणाम. धाक घालून, गोड बोलून किंवा जेवायला बोलावून कोणी माझ्याकडून काही लिहून घेतलेले नाही. गेल्या दसऱ्याला छातीत कळ आली, डॉक्टरांनी उपाय केला, आता जिना चढता येतो. तरीही जे सांगायचे ते वेळेवर सांगून ठेवावे, म्हणून हा कागद.

कलम पहिले. साखळीतले आमचे राहते घर, पुढच्या बाल्कांवासह, म्हणजे ओसरीसह, आणि मागच्या विहिरीसह. आमच्या गोव्याच्या कायद्याने अर्धे घर माझी पत्नी ज्योती हिचे आहेच, तेव्हा ते मी तिला देतो असे म्हणण्याचा आगाऊपणा करत नाही. उरलेल्या अर्ध्यातले अर्धे आमची मुलगी गौरवी हिचे, तेही कायद्यानेच. राहता राहिलेल्या चतकोरावरच माझी मर्जी चालते, आणि माझी मर्जी अशी की तो चतकोरही ज्योतीला मिळावा. घरपट्टीच्या पावतीवर घरमालक म्हणून माझे नाव येत होते, तेवढे मला पुरले.

शेजारच्या देवकीबाईंच्या फणसाची फांदी आमच्या मागच्या जनेलावर, म्हणजे खिडकीवर, येते. तिच्यावरून मी पंचायतीपर्यंत गेलो होतो. माझ्यानंतर ती कोणी तोडू नये. गरे चांगले निघतात आणि देवकीबाई भांडून झाल्यावरही पाठवतात.

कलम दुसरे. ‘माजीक साऊंड’ हा धंदा, त्याचे स्पीकर, मिक्सर, वायरी आणि टेम्पो हे सगळे ज्योतीचे. पेडण्यातल्या दशावतारापासून सत्तरीतल्या जत्रेपर्यंत आम्ही आवाज पुरवला, पण कमिटीवाल्यांशी बोलणी तिनेच केली. मी फक्त वायरी जोडल्या. बँकेत जे काही निघेल ते मायलेकींनी सारखे वाटून घ्यावे. त्यावरून त्या भांडणार नाहीत, हे मला माहीत आहे.

कलम तिसरे. आता ज्या गोष्टीसाठी हे मृत्युपत्र लिहायला बसलो ती. माझ्या कपाटात टेपांची दोन मोठी रिळे आहेत. पहिल्यावर ‘तांबडी धूळ’ असे लिहिले आहे, दुसऱ्यावर ‘दुसरी पाळी’. या ‘डंपर’ नावाच्या बँडच्या दोन कॅसेटींच्या मूळ टेपा आहेत. म्हापशातला स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालक सगळे फेकून देत होता. मी टेम्पो घेऊन गेलो आणि ही दोन रिळे उचलून आणली. नोटरीसाहेबांना समजावे म्हणून सांगतो: ‘डंपर’ थ्रॅश मेटल वाजवत असे. म्हणजे गिटारी करवतीसारख्या, ढोल धावत्या घोड्यासारखा, आणि गायक ओरडतो. ऐकणाऱ्याला एकतर ते फार आवडते किंवा तो उठून जातो. मधले काही नसते.

गोवा राज्य झाले त्याच वर्षी आम्ही तिघांनी बँड काढला. केरीचा अजय गिटार वाजवायचा आणि गायचा. देवेश बेस गिटारवर. मी ड्रम्सवर. अजयच्या वडिलांच्या होड्या ठेवायच्या खोपीत आम्ही सराव करायचो. मासे सुकवणाऱ्या बायका शिव्या द्यायच्या. तेव्हा कोकणी की मराठी यावरून घराघरांत वाद होते. अजय गाणी घरच्या बोलीत लिहायचा. मराठीवाले म्हणायचे, आमची भाषा बिघडवली. कोकणीवाले म्हणायचे, आमची. दोन्हीकडचे लोक आमच्या कार्यक्रमाला आले, बहुतेक शिव्या द्यायला, आणि थांबले. ‘तांबडी धूळ’ खाणपट्ट्यातल्या पोरांनी एकमेकांत फिरवून झिजवली.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात डिचोलीच्या वळणावर चिखलात माझी मोटरसायकल घसरली आणि उजवे मनगट मोडले. हाड पुढे जुळले, पण वाकडे. साधा ताल धरता येऊ लागला. थ्रॅशचा वेग गेला. हात प्लास्टरात होता तेव्हाच दुसऱ्या कॅसेटची गाणी तयार होती, स्टुडिओ ठरला होता. मला घरी विचारायला अजय आला नाही, देवेश आला. त्याने सांगितले, “आमच्या फॅक्टरीत एक मुलगी आहे. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या पिंपांवर वाजवते. दत्ता, तू एकदा ऐक.”

ती मंगल. बाप धोंडिबा गडहिंग्लजकडचा, डिचोलीला बांधकामावर आलेला. गावच्या जत्रेत तो हलगी वाजवायचा आणि लेक त्याच्याकडूनच शिकली. मी ऐकायला गेलो नाही. मग तीच एका सकाळी आमच्या बाल्कांवात येऊन उभी राहिली. पोदेर पाव देऊन गेला होता, मी डाव्या हाताने चहात बुडवत होतो.

“दादा, मी मंगल. तुमच्या जागी मला घेतलंय,” ती म्हणाली. “राग आला आसंल तर सांगा, मी जाते. पण तिसऱ्या गाण्यातलं ते मधलं काय बसंना बगा. अजयभाऊस्नी इचारलं तर म्हणत्यात, दत्ताला म्हाईत.”

राग आला होता. पण एवढे सरळ विचारल्यावर माणूस काय करणार? ज्योतीने तिलाही चहा दिला. प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून मी तो भाग तोंडाने म्हणून दाखवला आणि तिने मेजावर बोटांनी वाजवला. त्यानंतर ती आठवडाभर येत राहिली. शेवटच्या दिवशी वाजवता वाजवता तिने मेजावरची कपबशी फोडली, आणि मला कळले की आता तिला बसले.

कॅसेट आली. तिच्या कागदावर स्टुडिओवाल्याचे आभार होते, चहावाल्याचे होते, खोपीबद्दल अजयच्या वडिलांचे होते. माझे नाव नव्हते. हा राग अजयवर आहे आणि तो मी या मृत्युपत्रात नोंदवून ठेवतो.

कलम चौथे. ‘दुसरी पाळी’विषयी माझे मत. हे कायदेशीर कागदात घालता येते का, असे मी वकिलांना विचारले. ते म्हणाले, “घाला, पण वारसाला त्याचा उपयोग काय?” उपयोग आहे, तो पुढच्या कलमात येईल.

ती कॅसेट मी महिनाभर लावली नव्हती. वाळपईला एका कार्यक्रमाचे काम होते. दुपारी मैदान रिकामे, स्पीकर तपासायचे होते आणि खिशात देवेशने दिलेली कॅसेट तेवढी होती. ती लावली. पहिले गाणे सुरू झाले आणि बाजारातले कुत्रे उठले. पहिल्या दोन गाण्यांत मी फक्त चुका शोधल्या. त्या आहेतच. मोठ्या ढोलाचा आवाज पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा येतो. तो दोष स्टुडिओचा. अजयने दुसऱ्या गाण्यात गिटार इतकी लांबवली आहे की मधे पाणी पिऊन येता येते. चौथ्यात कोणीतरी घंटा वाजवली आहे, ती का वाजवली हे कोणालाच माहीत नाही.

पण तिसरे गाणे आले आणि मी वायर खाली ठेवली. मी तोंडाने शिकवलेला भाग तिने जसाच्या तसा वाजवला नव्हता. शेवटचा एक ठोका तिने सोडला होता. तिथे क्षणभर काहीच नाही, आणि मग सगळे एकदम अंगावर येते. मी वाजवायचो तेव्हा नेहमी गिटारीच्या पुढे धावायचो. ऐकणाऱ्याला वाटायचे, बँड कुठेतरी पोचायच्या घाईत आहे. मंगल केसभर मागे राहते. त्यामुळे अजयची तीच गिटार दुप्पट जड होते. पाचव्या गाण्यात तर ती हलगीसारखी काठावर वाजवते, आणि आमच्या त्या परक्या संगीताला पहिल्यांदाच इथली माती लागल्यासारखी वाटते. ते मला जमले नसते. मनगट धड असते तरी जमले नसते.

शेवंती नावाची भाजीवाली मैदानात आली. “बंद कर ते, गिऱ्हाईक पळतंय!” ती ओरडली.

“शेवटचं गाणं राहिलंय, बाय,” मी म्हणालो.

“मग जरा हळू तरी लाव.”

मी आणखी मोठे केले. कार्यक्रम आटोपल्यावर तसाच डिचोलीला मंगलच्या खोलीवर गेलो. ती भाकऱ्या थापत होती, धोंडिबा दारात बसला होता.

“तो एक ठोका सोडलास, तो कोणी सांगितला?” मी विचारले.

“चुकून सुटला, दादा. मग बरा वाटला म्हणून तसाच ठेवला. का? वाईट झालाय?”

“नाही. मला सुचायला हवा होता,” मी म्हणालो. धोंडिबाने पोरीला आणखी दोन भाकऱ्या थापायला सांगितले. मी जेवूनच निघालो. टेम्पो चालवताना शीळ घालत होतो, हे मला साखळीच्या पुलावर आल्यावर समजले.

सबब माझे अखेरचे मत असे: ‘तांबडी धूळ’ ही चांगली कॅसेट आहे, आणि ‘दुसरी पाळी’ तिच्याहून चांगली आहे. ढोलामुळे चांगली आहे.

कलम पाचवे. हे आत्ता लिहिण्याचे कारण. बँड केव्हाच मोडला. देवेश निवृत्त झाला, मंगल म्हापशात संसार सांभाळून मुलींना ड्रम्स शिकवते, अजयचे केरीला गेस्ट हाऊस आहे. आता मोबाइलवर तरुण मुले आमच्यावरून भांडतात. खरा ‘डंपर’ दत्तारामचा, बाई आली आणि धार गेली, असे लिहितात. त्यातल्या बऱ्याच जणांनी दुसरी कॅसेट ऐकलेलीच नाही. बाहेरच्या एका कंपनीला दोन्ही कॅसेटी नव्याने काढायच्या आहेत, आणि त्यासाठी माझ्याकडची मूळ रिळे हवी आहेत. मी इस्पितळातून घरी आलो त्या आठवड्यात अजय भेटायला आला. सोबत मोठे पापलेट आणले होते. ज्योती ते घेऊन आत गेल्यावर तो म्हणाला, “दत्ता, कंपनीवाले म्हणतात, दुसऱ्या कॅसेटीतलो ढोल कॉम्प्युटरावर बदलूया. पयल्या कॅसेटीतले तुझे ठोके उचलतले आणि थंय बसवतले. तुझा नाव दोन्ही कॅसेटींवर येतला. आता तुका आणखी काय जाय?”

तो हे मनापासून बोलत होता. कागदावर नाव न घातल्याची टोचणी त्याला होती आणि ती त्याने अशी काढायचे ठरवले होते. मलाही दोन दिवस ते गोड वाटले, हे लिहायला लाज नाही. दोन्ही कॅसेटींवर मी! मग मी ते तिसरे गाणे लावले, आणि तो सुटलेला ठोका माझ्याच ठोक्याने भरून काढलेला मनात ऐकला. ते मला नको झाले.

म्हणून: दोन्ही मूळ रिळे मी मंगल धोंडिबा पाटील हिला देत आहे. त्यांचे काय करायचे ते तिने ठरवावे. ‘तांबडी धूळ’मधला माझा एकही ठोका ‘दुसरी पाळी’वर चढवण्यास माझी संमती नाही, आणि ही असंमती माझ्या मरणानंतरही चालू राहील. ज्यांना माझे नाव वापरून मंगलला कमी लेखायचे आहे, त्यांना कलम चौथे वाचून दाखवावे.

कलम सहावे. माझे ड्रम्स मंगलच्या वर्गातल्या मुलींसाठी. पायाचे डावे पेडल कुरकुरते, तेल घालावे. बेस गिटारसाठी आणलेला जुना स्पीकर देवेशला. तो त्यावर पाय ठेवून पेपर वाचतो, तर निदान स्वतःच्या घरी वाचील.

कलम सातवे. माझे दिवस घरीच करावेत, बाराव्याला खतखतें, ती आमची मिश्र भाजी, असावी आणि स्पीकर लावू नये. ज्योतीने आयुष्यभर पुष्कळ आवाज सोसला आहे.

कलम आठवे. अजयला या मृत्युपत्रात काही दिलेले नाही. हा सूड नव्हे. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकिलांनी सांगितले, आणि मला साक्षीदार म्हणून तोच हवा होता. तो आज केरीहून मुद्दाम आला. समोरच्या घरातल्या जानकीबाई गावकर, निवृत्त शिक्षिका, याही बसल्या होत्या. मी सगळा मजकूर दोघांना वाचून दाखवला. अजय मधेच उठून बाल्कांवात गेला, परत आला. नंतर जे बोलणे झाले ते जानकीबाईंच्या आग्रहावरून इथे जोडत आहे.

“कंपनीक मी आज फोन करतंय,” अजय म्हणाला. “ढोल तसोच ऱ्हवतलो. पण दत्ता, दुसऱ्या गाण्यातली गिटार खरीच इतकी लांब आसा?”

“आहे.”

“आणि तुझो माझ्यावर राग आसा?”

“आहे,” मी म्हणालो. “सही इथे कर. आणि जेवून जा, ज्योतीने भात तुझ्याही वाट्याचा टाकलाय.”

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, ऐकवला, आणि तो मला मान्य आहे.

ठिकाण: साखळी, गोवा
दिनांक: ९ डिसेंबर २०१८

सही: दत्ताराम सखाराम माजीक

आमच्या समक्ष सही झाली:
१. जानकी वामन गावकर, साखळी
२. अजय लाडू केरकर, केरी, पेडणे (दुसऱ्या गाण्याबाबतचे मत मान्य नाही. बाकी सगळे मान्य.)