पाठीखाली शिवण नको

२७ नोव्हेंबर १९६२, मंगळवार

मधूचं पार्सल आलं. म्हणजे आलं नाही. दंडूतल्या, म्हणजे छावणीभागातल्या, कस्टमच्या कचेरीत अडकलं आहे, तसा कागद आला. विलायतेहून विणलेले तयार कपडे, आयातीचा परवाना नाही. पुढच्या मंगळवारी येऊन काय ते सांगा, नाही तर माल जप्त.

माल! वत्सलाच्या मुलानं आपल्या अंथरुणातल्या आईसाठी पाठवलेल्या बंड्या.

वत्सलानं आतून विचारलं, "अक्का, टपाल कसलं?" विजेचं बिल म्हणाले. ती हसली. "बिल वाचायला एवढा वेळ?"

संध्याकाळी कूस बदलताना तिची पाठ पाहिली. डाव्या खांद्याच्या हाडावर तांबडा डाग. बोटानं दाबून सोडला तर पांढरा पडत नाही. काल नव्हता. नव्हताच.

२८ नोव्हेंबर

डॉक्टर येऊन गेले. डाग पाहिल्यावर त्यांच्या थट्टा थांबल्या. मला व्हरांड्यात नेऊन म्हणाले, "टीचर, वरून तांबडं दिसतंय तेवढंच नसतं. आत सुरू झालेलं असतं. कातडी फुटली तर भरून यायला महिने जातात. हाडापर्यंत गेलं तर माझ्या हातात काही नाही." ब्लाउजच्या शिवणीचा वळ बरोबर त्या जागी आहे. पाठीखाली शिवण, गाठ, सुरकुती काही नको, म्हणाले.

मग उघडी ठेवू? गेल्या वर्षी याच थंडीत छातीत कफ भरला होता आणि आम्ही तिला जवळजवळ घालवली होती. उघडी ठेवावी तर छाती, झाकावी तर पाठ.

गच्चीच्या पायऱ्यांवरून पडली त्याला चार वर्षं होतील. मानेखाली तिला काही कळत नाही. हात कोपरात मुडपून छातीशी घट्ट. ते सरळ करून बाहीत घालताना किती ओढ बसते ते मला दिसतं, तिला कळत नाही. दुखलं असतं तर ओरडली असती. दुखत नाही, याचीच मला धास्ती.

१ डिसेंबर, शनिवार

तिला सगळं सांगून टाकलं. माझ्यापेक्षा शांत. "मधूनं वर काय लिहिलंय?"

"वैद्यकीय कपडे."

"गाढव आहे. कपडे कशाला लिहायचं?" मग थोड्या वेळानं, "पण छान झाले असतील ना गं?"

मधू लेस्टरच्या गिरणीत आहे, विणकामाच्या यंत्रावर. मी इथून दोऱ्यानं आईची मापं घेऊन पाठवली, त्यानं सुट्टीच्या दिवशी यंत्र मागून घेऊन विणल्या. पाठीकडे शिवणच नाही. बाही वरून पूर्ण उघडते. हात सरळ करावा लागत नाही, मुडपलेल्या हातावर बाही नुसती पांघरायची.

शेजारच्या गौडांची सरोजम्मा जवानांसाठी स्वेटर गोळा करायला आली. माझा तयार होता, दिला. "टीचर, स्वल्प लोकर उरली तर तंगीलाही एक विणा," म्हणाली. तंगी म्हणजे धाकटी बहीण. विणून पाहिला आहे, सरोजम्मा. हाताच्या विणीचे टाके पाठीवर उमटतात. बाजारची बनियन कापून पाहिली, कापलेली कड रुतते. काय काय नाही केलं.

४ डिसेंबर, मंगळवार

आज जे केलं ते लिहायलाच हवं.

कामाला येणाऱ्या मुनियम्माला वत्सलापाशी बसवून बसनं दंडूत गेले. परीक्षक मूर्ती नावाचे. मुलगा चांगला, इंग्रजी चांगलं, केस चोपून बसवलेले. पार्सल टेबलावर फोडलेलं. वास आला, विलायती साबणाचा. एक बंडी उचलून ते तिची पट्टी उघडत-मिटत होते. बटणाऐवजी काही नवीनच निघालं आहे तिकडे. एका फितीवर बारीक हूक, दुसरीवर केसांसारखी लव. दाबली की बसते, ओढली की चर्र करून सुटते. मूर्तींना मोह आवरेना. चर्र. चर्र.

त्यांनी समजावून सांगितलं. जकातीच्या यादीत दोन घरं. एक, विणलेले तयार कपडे: परवान्याशिवाय आत येऊच शकत नाहीत, त्यात आता लढाईमुळे आणीबाणी. दुसरं, अपंगांसाठी बनवलेलं साधन, कुबड्या, पट्टे वगैरे: ते सोडता येतं. "मॅडम, कुबडी चांगला माणूस वापरत नाही. हे चांगला माणूस वापरेल की नाही, एवढंच मला पाहायचंय."

मी म्हणाले, दाखवते.

तीस वर्षं शिकवलं ना. फळ्याशी उभं राहून दाखवल्याशिवाय मला काही सांगताच येत नाही. बंडी घेतली, साडीवरूनच चढवली. बाही अशी उघडते. पाठ अशी येते, शिवण इथे नाही, पाहा. पट्ट्या बाजूला, एका हातानं लागतात. भराभर, नीट, एकही चूक नाही. मीच खूश झाले. एक कळलं नाही की मूर्ती माझ्याकडे पाहत आहेत, बंडीकडे नाही.

"फार सुंदर बसलं, मॅडम," ते म्हणाले. "म्हणजे कार्डिगनच की."

टाइपरायटरवरची मुलगी हसली आणि लगेच थांबली.

मी सांगत राहिले, माझी बहीण, तिचे हात. ते लिहीत राहिले. "समक्ष परिधान करून दाखवले." माझ्यासमोर लिहिलं. अंगावरची बंडी काढून देताना तीच पट्टी मला सुटेना.

५ डिसेंबर

सकाळी सांगितलं. वत्सला इतकी हसली की मुनियम्मा धावत आली. "अक्का, तू नापास झालीस! पेपर फार सोपा सोडवलास."

हसताना तिला खोकला आला. छातीत घरघर. मी मागे वळून गादी सारखी करत राहिले.

तिच्यापुढे तोंड वळवता येतं. रात्री काय करू?

८ डिसेंबर, शनिवार

निकालाचा कागद. विणलेले कपडे या घरात घातलं. आठवड्याच्या आत मोठ्या साहेबांकडे दाद मागता येईल, नाही तर जप्त करून सरकार योग्य वाटेल तशी विल्हेवाट लावील. कुणा जवानाला घालायला देतील? त्याला काय उपयोग? मागे शिवण नसलेली बंडी.

डाग फुटला. रुपयाएवढा. आत ओलं, पिवळट. मुनियम्मानं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. तिला बाहेर घालवलं. "काय झालं गं?" वत्सलानं विचारलं. "मुनियम्माच्या डोळ्यात धूर गेला." चूल पेटलेली नव्हती.

"अक्का, तू खोटं बोलतेस तेव्हा तुझा आवाज शाळेतल्यासारखा होतो."

११ डिसेंबर

डॉक्टर रोज येतात. पट्टी बदलतात. "कपडा काही मिळाला का?" हेच विचारतात. तो प्रश्न आला की मी कापसाचा डबा आवरायला लागते. काल त्यांनी बोटानं जखमेच्या कडेखाली चाचपून पाहिलं. बोट आत गेलं. थोडंच. पण गेलं.

जुनी साडी चौपदरी करून पाठीखाली, वरून शाल. शाल सरकते. पहाटे पाहिलं तर खांदा उघडा आणि थंडगार. तिला थंडी वाजलेली कळत नाही. कळतं ते मला, उशिरा.

१३ डिसेंबर, गुरुवार

मोठ्या साहेबांना भेटले. अय्यंगार. पांढरे केस, कपाळावर नाम, बोलणं हळू. मी या वेळी कशालाही हात लावला नाही. हात मांडीवर. डॉक्टरांचं पत्र दिलं, त्यांनी सावकाश वाचलं.

"टीचर, पत्रावर माझा विश्वास आहे. पण मूर्तींच्या शेऱ्यात लिहिलंय की तुम्ही स्वतः घालून दाखवलंत. हे फाइलवर आहे. मी ते पुसू शकत नाही. त्याच्या वरचढ काहीतरी मला दिसायला हवं."

मी म्हणाले, तिला आणू? टॅक्सीचे धक्के, खांदा...

"नको, नको. मी येईन." पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "मला दोन्ही पाहावं लागेल. साधा कपडा घालताना, आणि हा घालताना. साधा कपडा तिला चालतो असं दिसलं तर माझा इलाज नाही. बाई माणूस, आमची टाइपिस्ट, बरोबर आणीन. मी पडद्याच्या आत येणार नाही, तिची परवानगी असेल तेवढंच." सोमवारी दहा वाजता. बंड्या ते घेऊन येतील.

वाईट माणूस नाही. म्हणूनच भीती वाटते. वाईट माणसाशी भांडता आलं असतं.

बसमध्ये उभी राहून आले. साधा कपडा घालताना. फुटलेल्या खांद्यावर ब्लाउज.

१४ डिसेंबर

वत्सलाला सांगितलं. ताबडतोब "हो."

मी म्हणाले, जखमेचं काय?

"मला कुठे दुखतंय?"

मी चिडले. चार वर्षांत इतकी चिडले नव्हते. दुखत नाही म्हणून बोलू नकोस, म्हणाले, तुझं दुखत नाही ते मला सगळं...

बोलणं पुरं केलं नाही. मुनियम्मा भात खाली ठेवून गेली, "अम्मा, उटा माडी," जेवा म्हणून. कुणी जेवलं नाही.

१५ डिसेंबर, शनिवार

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, एकदाच असेल तर कदाचित. कदाचित नाही. कड आणखी फाटेल. "पण कपड्याशिवायही ती या थंडीत..." तेही वाक्य पुरं करत नाहीत. आजकाल कुणीच करत नाही.

तिचा सगळ्यात जुना, सगळ्यात मऊ ब्लाउज काढला. बगलेतली शिवण उसवून दोन बोटं सैल केली. मग वाटलं, पाठीची पण थोडी. उसवत बसले. मुनियम्मा शेजारी बसून पाहत होती. "आता छान जाईल, अम्मा. झटकन जाईल," म्हणाली.

झटकन जाईल. हातातली कात्री तशीच राहिली.

झटकन गेला तर अय्यंगार काय लिहितील?

उसवलेलं सगळं परत शिवलं. बारीक टाके. डोळ्यांना दिसेना म्हणून दिव्याखाली नेलं. बहिणीच्या खांद्यावर ओढ बसावी म्हणून मी बसून शिवते आहे. हे मी करते आहे.

१६ डिसेंबर, रविवार

दुपारी मुनियम्मा आणि मी, पाठ न टेकवता, तिला कुशीवर ठेवून उद्याचं नुसतं करून पाहिलं. ब्लाउज नाही, साधी बनियन. एकीनं कोपर धरायचं, दुसरीनं बाही चढवायची, हात वळवताना खांद्याखाली तळवा. चार वर्षांत आमचे हात न बोलता चालतात. दोघी मिळून दोन मिनिटं. वत्सला आम्हाला पाहत होती.

"अक्का."

"काय?"

"तू उद्या घालू नकोस मला."

मला वाटलं, घाबरली. मी म्हणाले, माझ्याइतकं हळू कोण घालणार?

"तेच. तू इतकं हळू घालतेस की सगळं सोपं दिसतं. तुम्ही दोघींनी घातलंत तर तो म्हणेल, बघा, काय अडचण आहे? तू परत नापास होशील." श्वास घेतला. तिला एवढं बोलायला श्वास लागतो. "ती जी बाई येईल ना, टाइप करणारी, तिला घालू दे. तिला माहीत नाही कसं ते."

माहीत नाही कसं. ती कोपर धरणार नाही. ती हात सरळ ओढेल. खांदा गादीवर घासून...

मी नाही म्हणाले. तीनदा. ती म्हणाली, "शाळेत चूक करणाऱ्या मुलीचा हात धरायला तू कधी गेलीस का? उभी राहायचीस. हात मागे."

तिची मी मोठी बहीण. कधी मला तिनं काही आज्ञा केली नव्हती.

१७ डिसेंबर, सोमवार

पहाटे उठले. तिचे केस विंचरले, कुंकू नको म्हणते म्हणून काळी टिकली लावली. जखमेवर डॉक्टरांनी काल नवीन पातळ पट्टी घातली आहे. शाल. ब्लाउज उशाशी, घडी करून. घडीचं टोक सारखं वर येतं, सारखं दाबते.

मुनियम्माला बजावलं आहे, काही झालं तरी पुढे व्हायचं नाही. तिनं देवाच्या फोटोपाशी जाऊन काहीतरी म्हटलं, मग स्वयंपाकघरात जाऊन बसली. तिथूनच बरं, म्हणाली.

मी हात धुतले. परत धुतले. काय करायचं आहे या हातांनी आज? काहीच नाही.

साडेनऊ. खिडकीशी खुर्ची ओढून हे लिहिते आहे. वत्सला छताकडे पाहत होती. म्हणाली, "तू कुठे उभी राहशील?"

"इथेच. खिडकीशी. तुझ्या पाठीमागे." तिथून मला जखम दिसेल, बंद करा म्हणता येईल, हे सांगितलं नाही.

"नको. समोर ये. इथे, उशाकडे."

"का?"

"मला कळणार नाही ना केव्हा फाटलं ते. तुझ्या तोंडावरून कळेल."

मी म्हणाले, मग मी तोंडावर काही दिसू देणार नाही.

"तू काय करणार ते मला माहीत आहे. तरी ये."

फाटकाचा आवाज. अय्यंगारांचा आवाज ओळखला. हलक्या आवाजात त्या मुलीला चपला बाहेर काढायला सांगत आहेत. मुलीच्या हातात आमचं पार्सल आहे, सुतळी नव्यानं बांधलेली. तीच ती हसलेली मुलगी. आज हसत नाही. मुनियम्मा दार उघडायला निघाली आहे.

जाते. समोर उभी राहते.