चार बोटांचा फरक

प्रिय लंबू,

तुझ्या प्रदर्शनाचं निमंत्रण मिळालं. कार्ड देखणं आहे. असणारच. ते कुठे दुमडायचं तेसुद्धा तूच ठरवलं असशील, हे मला पाकीट फोडतानाच कळलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. हसू नकोस. गेली तीस वर्षं मी तुझ्यावर जळते आहे आणि आज ते सरळ लिहून टाकणार आहे.

एखाद्या माणसाने एकच गोष्ट चांगली करावी गं! इमारती बांधल्यास, ठीक. आपण दोघी तेच शिकलो होतो. एकाच टेबलावर नकाशे काढायचो. उंचीमुळे तू लंबू, बारीक अक्षरामुळे मी मुंगी. पण पुढे तू खुर्च्या केल्यास, दिवे केलेस, नाटकांचं नेपथ्य केलंस, दारांच्या मुठी केल्यास, किटल्यासुद्धा केल्यास. मी मात्र दुसऱ्यांच्या इमारतींत सांडपाण्याचे नळ कुठून कुठे जातील ते काढत राहिले. आमच्या ह्यांनी हौसेने तुझी किटली घरी आणली. रोज सकाळी तिच्यात पाणी तापतं आणि शेजारी उभी राहून मी तापते. पाच वर्षं झाली, ओतताना ती एकदा तरी ठिबकेल म्हणून टपून बसले आहे. मेली एक थेंब सांडत नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. घशात अडकला तो कठडा. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आठवतो ना? आपल्या दोघींच्या ऑफिसचं पहिलं मोठं काम. जिना मी काढला होता. लाकडी कठडा वळणावर खाली किंचित झुकतो आणि मग वर चढतो, त्या जागेचे फोटो मासिकांत आले. कुणीतरी त्याला ‘हाताचा विसावा’ म्हटलं. तू भाषणं दिलीस, विद्यार्थी लांबून येऊन त्यावर हात फिरवून गेले. दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जिना माझा, मापं माझी आणि ही बाई आयत्या बिळावर नागोबा!

म्हणून तुझ्यावरच्या पुस्तकाच्या संपादकीणबाईंनी जुन्या सहकाऱ्यांकडून आठवणी मागवल्या, तेव्हा मी एकाच बैठकीत दोन पानं लिहिली. तो कठडा माझा आहे, तिचा नाही, असं ठणकावून लिहिलं. पाकीट पेटीत टाकलं आणि घरी येऊन चक्क दुपारची झोप काढली.

जे लिहिलं नाही ते तुला माहीत आहे. खालच्या कठड्याची उंची मी लादी बसायच्या आधीच्या जमिनीवरून धरली आणि वरच्याची लादीवरून. पहिल्या वर्षाचं पोरही असं करणार नाही. लाकूड कापून झालं होतं. सुतारमामा वळणावर दोन्ही टोकांकडे बघत म्हणाले, “बाई, हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. चार बोटांचा फरक आहे.” मग त्यांनीच मधे तो झुकणारा तुकडा घडवला. डॉक्टरीणबाई येऊन कडाडल्या, हे वाकडं कुणी केलं म्हणून. मी माझ्या चपलांकडे बघत होते. तू पुढे झालीस आणि म्हणालीस, “मी. मुद्दाम. चढताना माणूस दमतो तिथे हात टेकायला जागा ठेवली आहे.” त्यांना ते काही पटलं नाही. वरच्या मजल्याचं काम त्यांनी आपल्याकडून काढून घेतलं आणि जाताना सगळ्या कामगारांसमोर तुला शिकाऊ म्हणाल्या. पायऱ्या उतरताना तू मला एवढंच विचारलंस, की चहा घेऊ या का.

पुढच्याच वर्षी मी ऑफिस सोडलं, कारण सांगितलं तब्येतीचं. तब्येत ठणठणीत होती. रोज तुझ्यासमोर बसवत नव्हतं.

काल संपादकीणबाईंचा फोन आला. माझं लिखाण त्यांनी तुला दाखवलं होतं. म्हणाल्या, “त्यांनी लगेच सांगितलं, अगदी बरोबर आहे, कठडा तिचाच. फोटोखालचं माझं नाव काढा आणि तिचं घाला.” लंबू, मला वाटलं होतं तू भांडशील. तू भांडावंस म्हणूनच तर लिहिलं होतं! तुला शिव्या घालायची एवढीच एक जागा माझ्याकडे होती, तीही तू उचलून मलाच देऊन टाकलीस. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात त्या किटलीसमोर बसून रडले.

म्हणून हे पत्र. आज सकाळी संपादकीणबाईंना खरं ते सगळं लिहून पाठवलं: माप मुंगीने चुकवलं, जोड सुतारमामांनी घडवला आणि बोलणी लंबूने खाल्ली. छापण्याआधी ते पान पुन्हा तुझ्याकडे येईल. तुझ्या नेहमीच्या मोठेपणाने त्यातलं एक अक्षरही खोडायचं नाही. बाकी सगळं तुझं झालं, असू दे. ती चूक तेवढी माझी आहे. ती मला माझ्या नावानिशी हवी.

अजूनही जळणारी, तरी तुझीच,
मुंगी